बाबांच्या डायऱ्यांतलं ‘थां ४’ म्हणजे काय? (रायबंदर–चोडण फेरीबोट)

फोंड्याची_सून:

नमस्कार मंडळी. प्रश्न एवढासा आहे, पण पाल्हाळ लावल्याशिवाय विचारता येणार नाही. सांभाळून घ्या.

माझे बाबा सरकारी फेरीबोटीवर खलाशी होते. १९७२ ते २००८. त्यातली बहुतेक वर्षं रायबंदर–चोडण. गेल्या वर्षी ते गेले, पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. चोडणच्या घराची कौलं उतरवायची म्हणून भावाने माळा रिकामा केला, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत डायऱ्या निघाल्या. १९८१ ते २००७ अशा सत्तावीस भरलेल्या आणि २००८ची एक कोरी. कोणी बँकेतून आणून दिलेली, कोणी औषधाच्या दुकानातून, कुठलीच विकत घेतलेली नाही. भाऊ म्हणतो, यात काही नाही, सगळे आकडेच आहेत, वाळवी घरभर होईल त्याआधी पेटवूया.

आकडेच आहेत हे खरं. आमच्या घरात बोलणं कोंकणी आणि लिहिणं-वाचणं मराठी, जसं गोव्यात पुष्कळ घरांत असतं. बाबा पोर्तुगीज अमदानीत देवळाच्या ओवरीत भरणाऱ्या मराठी शाळेत चार यत्ता शिकले. अक्षर वळणदार, पण शब्द खर्च करायचे नाहीत. बोलतानाही तसेच. एका दिवसाला दोन ओळी, त्यासुद्धा अशा:

‘भ ९.५०  ओ ३.५५’
‘शे १०.४५ – २’
‘थां ४’
‘ता ५’

काही तारखांच्या कोपऱ्यात रिकामं वर्तुळ, काही ठिकाणी शाईने भरलेलं. श्रावणात दर वर्षी एकदा ‘ना. अ.’. भ आणि ओ म्हणजे भरती-ओहोटी हे मलाही कळलं. बाकीच्याचा पत्ता नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, “तो आणि त्याची वही. मी कधी उघडली नाही.” आईचं वय एकोणऐंशी आहे, मोतीबिंदू उतरवायचा राहिलाय. तिच्यापुढे वह्या धरून उपयोग नाही.

बाबांबद्दल मला काय माहीत आहे ते सांगते, म्हणजे कुणी त्या बोटीने जात असेल तर ओळख पटेल. उंच, काटकुळे, कान मोठे. डाव्या हाताची करंगळी अर्धी, ती दोर आणि खुंटा यांच्यामध्ये सापडून गेली. खाकी शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. बोट धक्क्याला लागताना बाकीचे खलाशी उडी मारायचे, हे मात्र पाऊल टाकायचे. मोजून, वेळ साधून. बोटीवर फक्त एक काम त्यांना मनापासून आवडायचं, ते म्हणजे धक्क्याच्या उतारावरचं शेवाळ घासणं. पावसाळ्यात खराटा घेऊन सुटायचे. घरी एक काठी इकडची तिकडे करत नसत, हे आईच्या वतीने नोंदवून ठेवते.

आणि एक सांगून टाकते, नाहीतर वाटेल की मी फार गोडवे गाते आहे. बारावीच्या परीक्षेच्या दिवशी मी धावत धक्क्यावर पोचले आणि माझ्या डोळ्यांदेखत या माणसाने साखळी लावली. आमची नजरानजर झाली. बोट गेली. मी पुढची बोट घेतली, हॉलमध्ये घाम पुसत शिरले, रसायनशास्त्राचा पेपर होता. त्यावरून मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. त्यांना ते आठ दिवस कळले की नाही, देव जाणे.

तर, ‘थां’, ‘शे’, ‘ता’, ‘ना. अ.’ आणि ती वर्तुळं. कुणाला काही सुचतं?


बार्जवाला_सुर्ला:

ताई, वर्तुळं मी सांगतो. बावीस वर्षं खनिजाच्या बार्जवर होतो, २०१२मध्ये खाणी बंद झाल्या तोवर. रिकामं वर्तुळ म्हणजे पुनव, भरलेलं म्हणजे अवस. दर पंधरा दिवसांनी आलटून पालटून येतंय का ते बघा. त्या दिवसांत उधाण. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. बार्जला उधाण म्हणजे सोय, भरलेली बार्ज गाळावरून निघते. फेरीला मात्र डोकेदुखी. भर भरतीला अर्धा उतार पाण्याखाली, आणि सुकतीला बोट उताराच्या पार टोकाला लागणार, तिथे सगळं हिरवं शेवाळ. स्कूटरवाले तिथेच आडवे होतात. तुमचे बाबा खराटा घेऊन का सुटायचे ते आता कळेल.

भरतीच्या वेळा ते कुठून आणायचे असा प्रश्न पडला असेल तर सांगतो. आमच्याकडे जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती पूर्ण. तिथून सहा तासांनी सुकती. दुसऱ्या दिवशी पाऊण तास पुढे. नदीत आत जाल तसा थोडा उशीर धरायचा. कालनिर्णय भिंतीवर असलं की झालं, आणखी काही लागत नाही. तुम्ही दिलेला ‘९.५०’ त्रयोदशीचा असणार. तेराचे पाऊणपट पावणेदहा. तपासा.

‘ना. अ.’ म्हणजे नार्व्याची अष्टमी. गोकुळाष्टमीला नार्व्याला तीर्थावर स्नानाला लोक लोटतात, तेव्हा दिवाडी–नार्वे फेरीवर जास्तीची माणसं लागतात. तिकडे ड्युटी लागत असेल.

‘शे’ म्हणजे शेवटची फेरी, किती वाजता आणि किती माणसं. दोनच माणसं घेऊन पावणेअकराला नदी ओलांडायची. आम्ही बार्जवरून तो एकटा दिवा पलीकडे सरकताना बघायचो. आमच्या लाटेने फेरी हलायची आणि तिच्यावरून कुणीतरी आमच्या सात पिढ्या काढायचं. तुमचे बाबा नसावेत, कारण ते बोलत नव्हते म्हणता.


मांडवी_२१:

‘ता ५’ म्हणजे ‘तारले – ५’. पाच जणांना बुडताना वाचवलं असेल! अंगावर काटा आला. ताई, हे वर्तमानपत्रात द्या.


फोंड्याची_सून:

@बार्जवाला_सुर्ला, काका, तुमचे पाय धरायला हवेत. ‘९.५०’ची तारीख मी मुद्दाम लिहिली नव्हती. ती आहे ५ जुलै १९८६. भावाने मोबाईलवर जुनं पंचांग काढलं. ज्येष्ठ वद्य त्रयोदशी. भाऊ आता वह्या पेटवायचं नाव घेत नाही.

गोव्यातल्या लोकांना ही तारीख सांगायला नको. त्या दिवशी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. बाबांनी त्या पानावर भरती-ओहोटी नेहमीसारखी लिहिली आहे आणि खाली दोन शब्द: ‘पूल. बेती.’ म्हणजे पूल पडला आणि त्यांना बेती–पणजी फेरीवर हलवलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. मला एवढंच आठवतं की बाबा पुष्कळ दिवस घरी फक्त आंघोळीला येत. भर पावसाळा, उत्तर गोव्याची निम्मी माणसं त्या धक्क्यावर, ट्रकांची रांग, नदीला लाल पाणी आणि वाहून आलेली झाडं. आई डबा चोडणच्या बोटीवर द्यायची, तो रायबंदरला कुणीतरी घ्यायचं आणि बसमधून पणजीला पोचवायचं. डबा कधी हरवला नाही. एकदा मात्र दुसऱ्याच कुणाचा डबा रिकामा होऊन घरी आला, पितळी, आमच्यापेक्षा चांगला. आईने तो परत पाठवायला चार दिवस लावले.

त्या पानांवर पुढे नुसते आकडे आहेत, दिवसाला तीस-पस्तीस. फेऱ्या असाव्यात. विशेष म्हणजे बेतीच्या त्या सगळ्या महिन्यांत एकही ‘थां’ नाही. रायबंदरला परत आल्याबरोबर पुन्हा ‘थां २’, ‘थां ५’.

पहिलं ‘थां’ कधी येतं तेही शोधलं. १९८१, ८२, ८३मध्ये नाही. १९८४च्या चवथीनंतर सुरू होतं आणि २००७पर्यंत थांबत नाही.


मये_ते_पणजी:

लिहू की नको असं दोन दिवस करत होतो. १९८४ वाचलं आणि लिहायला बसलो.

मी पणजीत एका कचेरीत कारकून होतो. मयेहून चोडण, चोडणहून फेरी, रायबंदरहून बस. साडेनऊला मस्टर. दहा मिनिटं उशीर झाला की लाल रेघ, तीन रेघांना अर्धी रजा. आणि तुमचे वडील बोट थांबवायचे. अर्ध्या करंगळीचे, बरोबर ना? वरून कुणी येताना दिसला की त्यांचा हात वर जायचा, वर केबिनमधला सारंग इंजिन संथ ठेवायचा. बोटीवर आम्ही शंभर माणसं, मोटारी, बर्फाच्या पेट्या, आणि थांबायचं कुणासाठी, तर कोणी म्हातारी कोंबडी घेऊन येते आहे. तिला पणजीला जाऊन कोंबडी विकायची आहे, तिला कसली घाई?

मी लेखी तक्रार केली. चवथीच्या आधी. टंकलिखित, दोन प्रती. वेळापत्रक पाळलं जात नाही, अमुक वर्णनाचा खलाशी जबाबदार. उत्तर आलं नाही, पण पुढच्या आठवड्यापासून त्यांच्या खिशात पेन्सिल आणि कागद दिसू लागला. हात वर करायचे आणि घड्याळ बघायचे. मला वाटायचं, आमची टिंगल करतो आहे.

‘थां’ म्हणजे थांबवली. ‘थां ४’ म्हणजे चार मिनिटं. त्यांना वरून विचारणा झाली असेल आणि दिवसाचा हिशेब द्यायला सांगितला असेल. किंवा कुणी सांगितलं नसेल, त्यांनीच ठरवलं असेल की पुन्हा कुणी विचारलं तर आकडा तयार असावा. बेतीला ‘थां’ का नाही तेही उघड आहे. तिथे बोट भरली की सुटायची, वाट बघायला जागाच नव्हती.

तक्रार केल्याचा मला पश्चात्ताप वगैरे नाही. माझ्या रजा खरोखर कापल्या गेल्या. पण तेवीस वर्षं रोज लिहीत राहिले हे वाचून मी आज जेवताना गप्प होतो, बायकोने विचारलं काय झालं.


निवृत्त_बाई:

मी त्या चार मिनिटांतली आहे.

१९८८ ते १९९६ चोडणला प्राथमिक शाळेत होते. उलट दिशेने, पणजीहून सकाळची बोट. मुलगा तान्हा होता, त्याला सासूबाईंकडे सोडून निघायचं, रोजची धावपळ. रायबंदरच्या उतारावरून मी एक हातात चपला आणि एक हातात निऱ्या धरून पळायचे. खालून त्यांचा आवाज यायचा, “धांवूं नाकात बाय, निसरडें आसा. बोट खंय वता?”

बोट कुठे जाते म्हणजे? चोडणला जाते! पण मी थांबायचे, चालत उतरायचे.

मये_ते_पणजी यांना एक सांगते. एकदा मी त्यांना विचारलं की तुम्ही लोकांसाठी थांबता, बाकीचे चिडतात, कशाला? तर म्हणाले की बोट हलायला लागली की वरची माणसं धावतात, आणि धावली की पडतात. एक बाई त्यांच्या डोळ्यांसमोर पडली होती, खुब्याचं हाड मोडलं, पुन्हा चालली नाही. ती पडल्यावर बोट किती वेळ थांबली असेल सांगा, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, अर्धा तास. म्हणाले, चाळीस मिनिटं. एवढं लांब बोलणं मी त्यांचं त्या एकदाच ऐकलं. मी गणित शिकवायचे, पण त्या हिशेबापुढे मला काही बोलता आलं नाही.

शाळेच्या मुलांना मात्र ते ओरडायचे. साखळीवर बसलेल्या पोरांना तर धपाटाही. पोरं त्यांना ‘राव-राव’ म्हणायची, “मात्शें राव” (जरा थांब) वरून. त्यांना ते आवडत नसे.


फोंड्याची_सून:

सगळ्यांना एकदम उत्तर देते.

@निवृत्त_बाई, ती पडलेली बाई माझी आत्या. बाबांची सख्खी बहीण. घरी सगळ्यांना माहीत आहे की आत्या धक्क्यावर पडली, पण तेव्हा बोटीवर बाबाच होते हे मला आज कळलं. आईला विचारलं. ती म्हणाली, “मग कोण असणार?” जणू मीच विसरले होते.

@मये_ते_पणजी, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. भावाला राग आला, मला नाही. १९८४च्या डायरीत चवथीनंतरच्या सोमवारी ‘थां’च्या आधी एक पूर्ण वाक्य आहे, सत्तावीस वर्षांतलं बहुधा एकमेव: ‘आजपासून मिनिटं लिहायची.’ कुणी सांगितलं ते लिहिलेलं नाही. कोंबडीवाल्या म्हातारीबद्दल आई म्हणते की ती आमच्याच वाड्यावरची, आणि तिला खरोखर कसलीच घाई नसायची. तेवढं तुमचं बरोबर.

@मांडवी_२१, तुमचा खुलासा मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती हसता हसता खोकायला लागली, पाणी द्यावं लागलं. ‘ता’ म्हणजे तारलेच, पण मासे. चोडणच्या धक्क्यावर संध्याकाळी पाटीवाली बसायची. ‘ता ५’ म्हणजे पाच रुपयांचे तारले. आईला पटकन कळलं कारण पुढच्या वर्षांत तिथे ‘ता १०’ आणि ‘ता २०’ आहे, आणि ‘बां’ फारच क्वचित. बांगडे महाग. एका पानावर ‘इ’ आहे. आई म्हणाली, इसवण, ते तुझ्या साखरपुड्याचं. तारीख जुळली.

वह्या आता माझ्याकडे फोंड्याला आणल्या आहेत. कडुनिंबाचा पाला घालून ठेवल्यात. वर्षश्राद्धाला येणाऱ्यांना काही वाचून दाखवावं असं भावाच्या मनात होतं, पण ‘भ ९.५०, ओ ३.५५’ काय वाचून दाखवणार? आईने सरळ सांगितलं, जेवायला वाढा.

एक गोष्ट राहिली. काल रात्री मी १९९१ची डायरी काढली. मार्च. बारावीचे दिवस. थांबवली नसेल त्या दिवशी बाबा काही लिहीत नाहीत, नुसती भरती-ओहोटी. असे शेकडो दिवस आहेत. रसायनशास्त्राच्या पेपराच्या तारखेला मात्र लिहिलंय: ‘थां ०’.

शून्य. सगळ्या वह्या चाळल्या, आणखी कुठे शून्य नाही.

मी ते पान घेऊन आईपाशी गेले. तिला दिसत नाही म्हणून वाचून दाखवलं, तारीख सांगितली, धक्क्यावरची ती सकाळ पुन्हा सगळी सांगितली. ती बराच वेळ वहीवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, “त्या दिवशी तू दोन वेण्यांच्या तीन वेळा वेण्या घातल्या होत्यास. मी तुला सांगत होते, बोट जाईल.”